भिंतीतला वाटा

आमच्या चर्चला आता बाहेरून फिकट गुलाबी रंग आहे. कमिटीतल्या तरुण मुलांनी कंत्राटदार लावला, त्याने यंत्राने फवारून चार दिवसांत चारी भिंती एकसारख्या करून टाकल्या, आणि मुलं मला विचारायला आली, "बाई, कसं वाटतं?" मी म्हटलं, "छान. मिठाईचा डबा." ती हसली. मी शाळेत शिकवलेली मुलं ती, माझ्या बोलण्याचा त्यांना राग येत नाही.

मला खरंच बरं वाटलं होतं, पण रंगामुळे नाही. आता त्या भिंतीवर कुणाचा वाटा कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे कुणालाच कळणार नाही, मलासुद्धा नाही, अशी माझी समजूत होती. मग काठी टेकत मी उत्तरेच्या अंगाला, मागच्या बाजूला गेले. तिसऱ्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंतचा तुकडा मला लगेच दिसला. त्या तुकड्याबद्दल मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आमचं गाव वर्धा आणि हिंगणघाट यांच्या मधलं. जमीन सगळी काळी, कापसाची. कापसाला सोनं असलेली ही माती घराला मात्र वैरीण आहे. उन्हाळ्यात ती अशी फाटते की भेगेत कोपरापर्यंत हात जातो, आणि पावसाळ्यात फुगून पाया उचलते. ज्या परदेशी साहेबाने चर्च बांधलं त्याला गावच्या गवंड्याने हे सांगितलं होतं म्हणे. पण साहेबाला रस्त्यावरून दिसेल अशीच जागा हवी होती. एक मनोराही हवा होता. मनोऱ्याचा पाया झाला आणि पैसा संपला. तो पाया आम्ही लहानपणी लपाछपीला वापरला आणि घंटा शेवटपर्यंत सागाच्या दोन खांबांवर टांगलेली राहिली. साहेबाबद्दल मला आदर आहे, पण गवंड्याचं ऐकायला हवं होतं.

मजुरी द्यायलाही साहेबाकडे नव्हतं, म्हणून त्याने एक युक्ती केली. पहिली जी वीस-बावीस कुटुंबं ख्रिस्ती झाली होती, त्यांना त्याने भिंत वाटून दिली. एका खिडकीपासून दुसऱ्या खिडकीपर्यंत एक घर. त्या घराने विटा वाहायच्या, भिंत उचलायची आणि पुढे दरवर्षी नाताळाआधी आपला तुकडा चुन्याने पांढरा करायचा. याला आमच्यात वाटा म्हणत. बापाचा वाटा मुलाला जाई. दुसऱ्याच्या वाट्याला कुणी हात लावत नसे, तो अपमान मानला जाई. शेजारच्याच्या वाट्यावर चुन्याचा थेंब उडाला तर बायका पदराने पुसून घ्यायच्या.

चर्चच्या मागे दफनाची जागा, तीही लहान. एका पटकीच्या साथीत आसपासच्या गावांतून माती, म्हणजे प्रेतं, पुरायला यायला लागली तेव्हा पंचांनी ठरवलं की ज्याचा भिंतीत वाटा, त्याचाच मातीत वाटा. नाताळाला ज्याचा वाटा कोरा राहील त्याची पुरण्याची जागा गेली. ही म्हण आमच्या मंडळीत मुलांना प्रभूच्या प्रार्थनेच्या आधी पाठ होत असे. कुणाची जागा खरोखर गेल्याचं मात्र मी कधी ऐकलं नव्हतं, कारण वाटा कोरा कुणी ठेवतच नसे.

उत्तरेच्या भिंतीवर दुसऱ्या ते तिसऱ्या खिडकीपर्यंत आमचा वाटा. तिसऱ्या खिडकीपासून कोपऱ्यापर्यंत माझ्या मोठ्याबाबांचा, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाचा. माझी आई मी चालायला लागण्याआधीच गेली. मला न्हाऊमाखू घातलं, उवा काढल्या, तापात उशाशी बसली ती मोठ्याबाबांची बायको. तिला मी मोठी माय म्हणत असे. तिला एकच मुलगी झाली होती, ती दीड वर्षाची असताना गेली. मागच्या कडुलिंबाखाली तिचा हातभर दगड होता. त्या दगडाच्या शेजारी मोठ्या मायनं चार गोटे मांडून आपली जागा आखून ठेवली होती. दर शनिवारी ती मुलीच्या दगडावरचं गवत काढायची आणि मग आपल्या जागेत मांडी घालून बसायची, स्वतःच्या ओट्यावर बसल्यासारखी. एकदा तर ती आपण मावतो की नाही हे पाहायला तिथे चक्क आडवी झाली. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मी किंचाळले. ती पडल्या पडल्या म्हणाली, "काऊन ओरडून राह्यली व? बरोब्बर पुरते पाय. पोरगी हातभर दूर. झोपेत हात टाकला तं लागते."

स्वातंत्र्यानंतर तीन-चार वर्षांत शेवटचा साहेब आणि मडम गेले. जाताना मडम रडली आणि साहेबाने बाबांच्या हातात किल्ल्यांचा जुडगा दिला. त्यातल्या निम्म्या किल्ल्या कशाच्या हे साहेबालाही माहीत नव्हतं. बंगल्याला कुलूप लागलं. पहिल्या वर्षी त्याच्या व्हरांड्यात आग्या मोहोळ बसलं, दुसऱ्या वर्षी छप्पर गळायला लागलं, मग एका व्यापाऱ्याने त्यात सरकी भरली. दवाखान्याच्या खोलीत बकऱ्या बांधू लागले. शाळा तेवढी चालत होती, कारण ती मी चालवत होते. मॅट्रिक होऊन मी तिथे शिकवायला लागले होते. बाबा मंडळीचे मुख्य पंच. पाळक नवे आले होते, अहमदनगरकडचे. ते आमच्या बोलण्याला हसायचे आणि आम्ही त्यांच्या.

बाबांबद्दल एक सांगायला हवं. ते प्रार्थना फार तोकडी करीत. पाळक अर्धा तास देवाला समजावून सांगत ते बाबा चार वाक्यांत उरकत. लोक चिडवायचे, "पंचाची प्रार्थना म्हंजे तार." बाबा म्हणायचे, "देव बहिरा नाई."

छप्पन सालच्या दसऱ्याला नागपूरला दीक्षेचा सोहळा झाला. आमच्या गावचे लोक पांढरे कपडे घालून, भाकरी बांधून गेले. मोठेबाबा हिंगणघाटच्या कापसाच्या जिनात कामाला होते, ते तिकडूनच आपल्या सोबत्यांबरोबर गेले. मोठी माय गावातल्या बायकांबरोबर गेली. परत आले ते बौद्ध होऊन.

बाबा थोरल्या भावासमोर कधी आवाज चढवत नसत. त्या दिवशी चढवला. "आपल्या आज्यानं या भिंतीच्या इटा वाह्यल्या, अन् तू पाठ फिरवून आला?"

मोठेबाबा शांत होते. "इटा वाह्यल्या, खरं आहे. मंग? पाटलाची विहीर मोकळी झाली? चहाच्या दुकानात माह्या कप आजही बाहेर खुंटीले आहे. आज्यानं देव बदलला, लोकायनं काईच नाई बदललं. आता आम्ही लाखोनं उभे राह्यलो तं पहिल्यांदा मान वर झाली माह्यी. तुले दिसत नाई?"

मी दारात उभी होते. मधे तोंड घालायची माझी खोड जुनी. मी म्हटलं, "साहेबानं शाळा काढली नसती तर तुम्हाला वाचता तरी आलं असतं का?"

ते माझ्याकडे वळले. "साहेब गेला, पोरी. तू त्याच्या रिकाम्या बंगल्याची राखण करून राह्यली. सरकी राखते तू."

ते खरं होतं, म्हणूनच झोंबलं. तो राग मी कित्येक महिने जपून ठेवला.

पंधरा दिवसांत पंचांची बैठक झाली. मंडळी सोडून गेलेल्यांनी परवानगीशिवाय फाटकाच्या आत यायचं नाही असा ठराव झाला. भीती होती हो, दुसरं काय. एकामागून एक घर जात होतं, सात वाटे कोरे राहणार हे दिसत होतं, आणि पंचांना कुलूप लावण्यापलीकडे काही सुचलं नाही. ठरावावर पहिली सही बाबांची. म्हणजे मोठ्या मायला आता कडुलिंबापर्यंतही जाता येणार नव्हतं. पुढच्या शनिवारी ती फाटकाशी आली, आत पाहत थोडा वेळ उभी राहिली आणि परत गेली. मी शाळेच्या खिडकीतून पाहिलं. वर्ग सुरू होता म्हणून मी बाहेर गेले नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगितलं.

डिसेंबरात, आठवडी बाजारात, बांगड्यावाल्याच्या पालामागून तिने मला हाक मारली. तिच्या हातात पोटली होती, तिच्याच जुन्या हिरव्या लुगड्याच्या फडक्यात बांधलेली. तिने ती माझ्या पिशवीत ठेवली. चांगली जड होती.

"कळीचा चुना आहे. शनिवारी माह्या वाट्यावर मारजो."

"मी?"

"मंग कोन? मले कोन आत येऊ देते? तुह्या बापानंच सही केली."

"आणि मोठेबाबा?"

"त्याईले नोको सांगू. त्याईले वाटते मी सारं सोडलं. अन् मी सोडलंच व पोरी. ते सांगतेत ते मले पटते. आता कोनी मले तुच्छ म्हनलं तं मी उलटून बोलतो, पह्यले नाई बोलत होतो. पन पोरगी तिथं आहे न माह्यी. दीड वर्साच्या पोरीचा कोन्ता धर्म? वाटा कोरा राह्यला तं जागा जाते. मंग मले कुठं टाकतीन? ते तिथं एकटी, अन् मी नदीवर." तिने माझं मनगट धरलं होतं. कापूस वेचून तिच्या बोटांना चिरा पडलेल्या होत्या, त्या मला टोचत होत्या. "दुसरं मले काईच नाई पाह्यजे."

मी हो म्हटलं. पोटली घरी आणून खाटेखाली, ज्वारीच्या डब्यामागे सारली. दोन दिवसांनी बाबा खाटेखाली वाकलेले दिसले. "उंदीर झाले काय व?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "असतील." ते उठले आणि हात झटकून बाहेर गेले.

चुन्याचा शनिवार आमच्याकडे जत्रेसारखा असे. आदल्या दिवशी प्रत्येक घर आपापल्या अर्ध्या पिंपात चुना विझवी. पाणी पडलं की चुना रटरटा उकळायचा, पोरं लांबून बघायची. डिंक आणि चिमूटभर नीळ घातली की तयार. सकाळी सगळे आपापल्या वाट्यापुढे, हातात चुना मारायची कुंची, केकताडाच्या वाखाची. त्या वर्षी मात्र गलका नव्हता. पूर्वेला दोन वाटे कोरे, पश्चिमेला चार, आणि उत्तरेला आमच्या शेजारचा. पांढऱ्या भिंतीत ते तुकडे पडलेल्या दातांसारखे दिसत होते. कुणी तिकडे बघत नव्हतं आणि सगळ्यांना तेच दिसत होतं.

दुपारी जेवणाआधी पुढच्या पायऱ्यांशी प्रार्थना असे. घंटा झाली, लोक हात धुऊन निघाले. मीही कुंची ठेवली. बाबा म्हणाले, "तू राह्य मागंच. हात भरले तुह्ये. सुकले का ये."

मला जरा नवल वाटलं. हात सगळ्यांचेच भरले होते. पण उन्हात उभं राहून प्रार्थना ऐकण्यापेक्षा सावलीची भिंत बरी, म्हणून मी राहिले. उत्तरेच्या अंगाला मी एकटी उरले. चिटपाखरू नव्हतं.

पुढून बाबांचा आवाज यायला लागला. पाळकांना बाजूला ठेवून त्या दिवशी प्रार्थना बाबांनी घेतली. मला वाटलं, आता संपेल. ती संपेना. बाबांनी आदामापासून सुरुवात केली. जलप्रलय झाला, मिसर देश झाला, चाळीस वर्षं वाळवंट झालं. मग देशाचं सरकार, जिल्ह्याचे अधिकारी, समुद्रापलीकडचे साहेब आणि मडम, कापसाचं पीक, बोंडअळी, गावातली गुरं. मधेच एखाद्या पोराचं रडणं, कुणाचं खोकणं. मला हसू आलं आणि मग रागही आला. नव्या पाळकांपुढे बाबांना मिरवायचंय, असं माझ्या मनात आलं. ज्या माणसाने जन्मभर देव बहिरा नाही म्हणून सांगितलं, तो आज देवाच्या कानाशी ओरडत होता.

माझ्यासमोर मोठ्या मायचा वाटा होता. गेल्या वर्षीचा चुना पावसाने उतरलेला, खालच्या हातभर भागात चिखलाचे शिंतोडे. माझ्या पिंपात चुना उरलेला होता. कुंची ओली होती. वाट्याला फार तर पाऊण तास लागतो.

मी का मारला नाही, याची कारणं मी नंतर खूप जमवली. कुणी आलं तर काय सांगू, ही एक भीती. शाळेतली माझी नेमणूक कायम करण्याचा कागद त्याच महिन्यात पाळकांच्या टेबलावर होता. माझ्याच घरातले लोक गेलेले, त्यात मी त्यांची बाजू घेतली असं दिसायला नको होतं. आणि मोठेबाबांचं ते सरकी राखण्याचं बोलणं. त्यांना कळू दे, सोडून गेलं की काय जातं ते, असंही माझ्या मनात होतं. राग त्यांच्यावर आणि काढला मोठ्या मायवर. नंतर मारू, संध्याकाळी मारू, उद्या मारू, असंही होतंच. यातलं खरं कारण कोणतं ते मला आजही सांगता येत नाही. मी एवढंच केलं की रिकामं उभं राहवेना म्हणून आमच्याच वाट्याला दुसरा हात दिला. तिसऱ्या खिडकीच्या कडेने वरपासून खालपर्यंत अशी सरळ रेघ आणली की स्वतःचंच कौतुक वाटलं. पलीकडे थेंबही उडू दिला नाही.

आमेन ऐकू आलं तेव्हा माझं काम झालेलं होतं. जेवणं झाली. बाबा दरवर्षीप्रमाणे पंचांना घेऊन चर्चला फेरी मारायला निघाले. उत्तरेच्या अंगाला आले आणि कोपऱ्यापाशी थांबले. मला वाटलं, आता भावाच्या नावाने काहीतरी बोलतील. ते बराच वेळ त्या कोऱ्या तुकड्याकडे बघत राहिले आणि मग "चला" म्हणाले.

पुढच्या बाजारात मोठ्या मायनं मला गाठलं. "मारला?"

"मारला," मी म्हटलं.

"खाली पायाशी, पावसाचं उडते तिथं?"

"तिथं दोन हात दिले."

तिने माझ्या तोंडावरून हात फिरवून कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली. बोटं मोडताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं. मी खोटं बोलायला घाबरले नाही, कारण वेळ होता. नाताळाला दहा दिवस होते. मग चार दिवस होते. मग नाताळ झाला. मग मला वाटायला लागलं की आता मारला तरी लोक विचारतील, आणि एवढ्यात काही होत नाही. ती धडधाकट बाई. वेचणीला भल्याभल्या पोरींना मागे टाकायची.

वैशाखात तिला ऊन लागलं. सकाळी काड्या वेचायला गेली, दुपारी फणफणून घरी आली, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गेली. आम्हाला कळवायला कुणी आलं नाही. बाबांना मळ्यातून येताना कळलं आणि ते येऊन ओसरीत भिंतीकडे तोंड करून बसले.

सकाळी दहाच्या सुमारास तिरडी फाटकाशी आली. मागे पांढऱ्या लुगड्यांतल्या बायका, त्यांचं त्रिशरण चालू होतं ते थांबलं. मोठेबाबा पुढे झाले. बाबा, दोघे पंच आणि पाळक आतल्या बाजूला, मी शाळेच्या पायरीवर. मोठेबाबांनी धाकट्या भावासमोर हात जोडले. हे मी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहवतही नव्हतं.

"मी माह्यासाठी काईच मांगत नाई," ते म्हणाले. "मले नदीवरच जा लागन. पन तिची जागा पोरीजवळ आहे. तिनं मरताना सांगितलं. वाटा मारला आहे तिचा. तुह्या पोरीच्या हातानं."

एक पंच म्हणाला, "एकाले उघडलं तं उद्या सारेच येतीन." पाळक म्हणाले, "हा पंचांचा नियम आहे, मी काय बोलणार." त्यांना मी त्या वाक्याबद्दल आजही माफ केलेलं नाही, जरी मला कुणाला माफ न करण्याचा हक्क नसला तरी.

बाबा माझ्याकडे वळले. "वाटा मारला असन तं जागा तिची. ठराव आत येनाऱ्या जित्या मानसाचा आहे, मातीचा नाई. चुन्याच्या शनिवारी कोरा होता, मी पाह्यला. त्याच्या मांगून मारला काय तू?"

त्यांचा आवाज पंचाचा नव्हता. मला काहीतरी मागावं तसे ते विचारत होते. माझ्याकडून 'हो' ऐकायची त्यांना आशा होती हे मला तेव्हा कळलं नाही. मला वाटलं, ते माझी चोरी पकडताहेत.

"नाही," मी म्हटलं.

मोठेबाबांनी जोडलेले हात खाली केले. ते माझ्यावर ओरडतील म्हणून मी वाट पाहत होते, ओरडले असते तर बरं झालं असतं. ते म्हणाले, "काल मले म्हने, माह्यी काळजी नोको करा, पोरीनं जागा राखली माह्यी. तुलेच दुवा देत गेली." मग खांदेकऱ्यांना म्हणाले, "चला बापा, ऊन होऊन राह्यलं." तिरडी नदीच्या रस्त्याला लागली. बाबा फाटकाच्या गजाला धरून उभे राहिले. तिरडीला खांदा द्यायला ते गेले नाहीत आणि आतही आले नाहीत.

मी घरी जाऊन खाटेखालून पोटली ओढली. हिरव्या फडक्याची गाठ सोडली. आत कळ्या नव्हत्या. हवेने फुटून सगळं पीठ झालं होतं. कळीचा चुना वेळेवर पाण्यात घातला तरच तो चुना, नाहीतर तो पडल्या पडल्या मरतो. हे मला माहीत होतं, चौथीला मी ते शिकवतही होते. तरी मी ते पीठ बादलीत ओतलं, पाणी घातलं. उकळी आली नाही, वाफ आली नाही. बादली थंडच. ती आणि कुंची घेऊन मी उत्तरेच्या भिंतीशी गेले आणि भर उन्हात मोठ्या मायचा वाटा मारायला लागले. पाणी ओघळत होतं, मागे राखेसारखा पट्टा राहत होता. तो वाळला की हात लावताच भुकटी निघे. मी पुन्हा मारत होते.

किती वेळाने कोण जाणे, बाबा आले. कडुलिंबाखाली, त्या चार गोट्यांच्या बाहेर बसले.

"मेला चुना धरत नाई," ते म्हणाले.

मी हात थांबवला नाही.

"पोटली मी पाह्यली होती. तिच्या लुगड्याचं फडकं होतं, वळखलं मी. मले लय बरं वाटलं. मी सही केलेला मानूस. माह्या हातानं कसा मारू? तुह्या हातानं झालं असतं तं कोनी काई म्हनलं नसतं. मी म्हनलं असतं, वाटा पांढरा आहे, नियम आहे, जागा द्या. मले फक्त पांढरा पाह्यजे होता."

मी कुंची बादलीत ठेवली.

"त्या दिवशी प्रार्थना काऊन लांबवली वाटलं तुले?" बाबा म्हणाले. "साऱ्यायले समोर उभं धरून ठेवलं मी. आदामापासून आनलं. याद येईन ते मांगितलं देवाले. आवाज मोठा केला का तुले कळावं, अजून वेळ आहे. मले वाटलं तू मारून राह्यली."

"मी आपल्याच वाट्याला दुसरा हात देत होते," मी म्हटलं.

बाबांनी मान वर करून आमच्या वाट्याकडे पाहिलं. दोन हातांचा चुना उन्हात डोळ्यांना खुपत होता, आणि तिसऱ्या खिडकीच्या कडेने ती रेघ, वरपासून खालपर्यंत, अगदी सरळ.

"दिसते," ते म्हणाले, आणि उठून फाटक लावायला गेले.